जुनें मोडावें कीं सांभाळावें?

पाचोऱ्याच्या स्टेशनावर प्रथमच उतरणाऱ्या परक्या माणसास पूर्वीं एक गोष्ट नवलाची वाटे. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मोठा लोहमार्ग साडेपांच फूट रुंदीचा. आणि त्याच्याच अंगास लागून जामनेरकडे निघालेला मार्ग अवघा अडीच फुटांचा. या धाकट्या मार्गावरून आमची ‘पीजे’ धांवे. वरखेडी, पिंपळगांव, शेंदुर्णी, पहूर अशीं गांवें घेत छप्पन्न किलोमीटरांचें अंतर ती आपल्या चालीनें तोडी. शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या दर्शनास निघालेलीं म्हातारीं माणसें, शाळेचीं मुलें, बाजारच्या पाट्या, सर्वांस तींत जागा मिळे. मात्र तिचा डबा मोठ्या मार्गावर चढत नसे आणि मोठ्या गाडीचा डबा तिच्या मार्गावर उतरत नसे. जें कांहीं पुढें न्यावयाचें तें पाचोऱ्यास उतरवून, डोक्यावर घेऊन, दुसऱ्या गाडींत चढविणें भाग पडे. सुमारें शंभर वर्षें हा व्यवहार चालला. २०२० सालीं कोरोनाच्या साथींत गाडी थांबली, आणि पुढें हा मार्ग रुंद करण्याचें काम मंजूर झालें.

या गाडीवरून आमच्या घरांत जो वाद झाला तसा पाचोऱ्यांतील पुष्कळ घरांत झाला असेल. तिची शिटी ऐकत ज्यांचें बालपण गेलें त्यांना तिचा मोह सुटेना. आणि आजारी माणूस घेऊन ज्यांना गाडी न बदलतां पुढें जावयाचें होतें त्यांना रुंद मार्ग हवा होता. गेल्या दिवाळींत याच वादानें अगदीं निराळें रूप घेतलें, आणि आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

आमचे वडील बंधु एका पतसंस्थेंत अनेक वर्षें हिशेबनीस होते. धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्यास संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे ज्यांना हीं मुलें प्रोग्राम म्हणतात त्या, लिहिण्याच्या नोकरींत आहे. फराळाचीं ताटें पुढें आलीं असतांना तो सहज बोलून गेला, “काका, आमच्या कामांतल्या भाषेंतून जुन्या गोष्टी एकदांच्या काढून टाकल्या, हें फार बरें झालें. किती दिवस ती अडगळ सांभाळायची?” बंधूंनीं हातांतील चकली ताटांत ठेवली. “अरे, तूं ज्याला अडगळ म्हणतोस त्यावर कोणाचें तरी दुकान चाललेलें असतें,” एवढेंच ते म्हणाले. पण त्यांच्या स्वरावरून चहा थंड होणार हें घरांतील सर्वांनीं ओळखलें.

ज्या वाचकांचा या यंत्राशीं संबंध पत्रापुरता आणि तिकिटापुरता आहे त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. संगणकाला काम सांगावयाच्या भाषाही माणसांनींच केलेल्या असतात, आणि प्रत्येक भाषेस व्याकरण असतें. फरक एवढाच कीं, आपल्या बोलण्यांत एखादा प्रत्यय चुकला तर ऐकणारा समजून घेतो. यंत्र समजून घेत नाहीं. आज ज्या व्याकरणानें आज्ञा लिहिली तेंच व्याकरण उद्यां बदललें, तर कालची आज्ञा यंत्रास कळेनाशी होते, अथवा त्याहून वाईट म्हणजे निराळीच कळते. म्हणून भाषा चालविणाऱ्यांपुढें नेहमींच पेंच असतो. जुनी खोड काढावी तर जुन्या आज्ञावली मोडतात. ठेवावी तर प्रत्येक नव्या शिकाऊ मुलास ती शिकावी लागते आणि तिच्यामुळें होणाऱ्या चुका पिढ्यान् पिढ्या होत राहतात.

बंधूंचा पक्ष अनुभवाचा होता. त्यांच्या पतसंस्थेंत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं लिहिलेली एक आज्ञावली ठेवी, कर्जें आणि व्याज यांचा हिशेब बिनबोभाट करीत असे. मध्यंतरीं संस्थेनें नवीं यंत्रें घेतलीं. त्या यंत्रांच्या मूळ व्यवस्थेनें जुन्या धर्तीच्या आज्ञावली चालविणेंच सोडून दिलें होतें, हें यंत्रें मांडून झाल्यावर कळलें. चार दिवस व्यवहार बंद पडला. त्या चार दिवसांत एक विधवा बाई मुलीच्या बाळंतपणासाठीं स्वतःची ठेव मागावयास दोनदां येऊन गेली. पुस्तकांत रक्कम लिहिलेली, तिजोरींत पैसा पडलेला, आणि मध्यें हिशेब सांगणारें यंत्र मुकें! शेवटीं बंधूंनीं अडगळीच्या खोलींतून जुनें यंत्र काढविलें, धूळ झाडली, आणि तें सुरू झाल्यावर प्रथम त्या बाईचें काम केलें. “सुधारणा करणाऱ्याला ती बाई दिसत नाहीं,” असें ते त्या दिवशीं म्हणाले, आणि आम्हांस तें पटलें.

परंतु पुतण्याचा पक्षही पोकळ नव्हता. त्यानें सांगितलेल्या दोन गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली अशी. १९७६ सालीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें स्टुअर्ट फेल्डमन यांनीं ‘मेक’ नांवाचें एक साधन तयार केलें. मोठी आज्ञावली कोणत्या क्रमानें बांधावयाची हें त्यांत लिहून ठेवावयाचें असतें. त्यांनीं घाईंत असा नियम केला कीं, आज्ञेच्या प्रत्येक ओळीपूर्वीं ‘टॅब’ नांवाची कळच दाबलेली असावी; साध्या मोकळ्या जागा सोडल्या तर चालणार नाहीं. कागदावर दोन्ही सारख्याच कोऱ्या दिसतात! नियम चुकला हें त्यांच्या लौकरच ध्यानांत आलें. पण तोंवर सुमारें डझनभर लोक तें साधन वापरूं लागले होते, आणि त्यांतले बहुतेक स्नेही. त्यांची गैरसोय नको म्हणून नियम तसाच राहूं दिला. त्या डझनभरांच्या भिडेपायीं पुढें जगभरच्या असंख्य मुलांनीं न दिसणाऱ्या चुकीचा शोध घेत रात्री घालविल्या आहेत, आणि तो नियम अजून आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात तें खोटें नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ‘सी’ नांवाच्या भाषेंत ‘गेट्स’ म्हणून एक तयार आज्ञा होती. बाहेरून आलेली ओळ घेऊन ठराविक भांड्यांत ओतणें हें तिचें काम. पण भांडें केवढें आहे हें तिला ठाऊकच नसे. लोटा भरला तरी ती ओततच राही, आणि सांडलेलें पाणी शेजारच्या खोलींतील दप्तर भिजवी. १९८८ च्या नोव्हेंबरांत ‘मॉरिस वर्म’ नांवाची एक उपद्रवी आज्ञावली त्या काळच्या आंतरजालावर सुटली आणि हजारों यंत्रें तिनें जेरीस आणलीं. शिरकावासाठीं तिनें ज्या वाटा वापरल्या त्यांतील एक याच ‘गेट्स’नें उघडी ठेवलेली होती. एवढें होऊनही भाषेच्या प्रमाणग्रंथांतून ती आज्ञा गेली ती २०११ सालीं, म्हणजे तेवीस वर्षांनीं. जुन्यावर चाललेलें दुकान मोडूं नये हें खरें. पण दुकानाच्या मागच्या दाराला कडी नाहीं हें ठाऊक असून तेवीस वर्षें गप्प बसावें काय?

आतां पुतण्याच्या भाषेकडे येऊं. तिचें नांव ‘पायथन’. तिच्या चालकांनीं २००८ च्या डिसेंबरांत तिची तिसरी आवृत्ति काढली, आणि ती दुसऱ्या आवृत्तीशीं पूर्णपणें जुळणार नाहीं हें आरंभींच सांगून टाकलें. कारण क्षुल्लक नव्हतें. दुसऱ्या आवृत्तींत साध्या मजकुरास यंत्र अक्षर न समजतां साठवणीचे तुकडे समजे. आमच्या गांवाचें नांव घ्या. ‘पाचोरा’ हीं आपल्या दृष्टीनें तीन अक्षरें. तीन व्यंजनें आणि तीन स्वरचिन्हें मिळून संगणकाच्या लेखीं सहा चिन्हें. परंतु जुन्या आवृत्तीस नेहमींच्या रीतीनें साठविलेल्या या नांवाची लांबी विचारली तर ती अठरा सांगे; कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन तुकडे लागतात. इंग्रजी अक्षरास एकच तुकडा लागतो, म्हणून इंग्रजींत लिहिणाऱ्यास या व्यवस्थेंतील वैगुण्य सहसा दिसतच नसे. नव्या आवृत्तीनें उत्तर सहा केलें. मराठी माणसानें या सुधारणेस नांवें ठेवावींत असें आम्हांस वाटत नाहीं.

तथापि सर्वच बदल असे उघड नव्हते. जुन्या आवृत्तींत सातास दोहोंनीं भागलें असतां उत्तर तीन येई, उरलेला अर्धा सोडून दिला जाई. नवीन आवृत्तींत साडेतीन येतें. कांहीं बदलांमुळें जुनी आज्ञावली जागींच अडून ओरडत असे. ती बिचारी लगेच दुरुस्त होई. भागाकाराच्या बदलानें मात्र ती ओरडत नसे. ती शांतपणें चाले आणि उत्तर वेगळें देई. पुतण्यानेंच कबूल केलें कीं, त्याच्या कचेरींत माल किती गाड्यांत भरावयाचा याचा एक हिशेब या कारणानें बरेच दिवस चुकत होता. यावर बंधु हंसले नाहींत; हिशेबनीस माणूस अशा चुकीस हंसत नाहीं. “ओरडणारी चूक परवडते, बाळ,” ते म्हणाले, “गप्प चूक परवडत नाहीं.”

या स्थित्यंतरास किती काळ लागला? जुन्या आवृत्तीस प्रथम २०१५ पर्यंत मुदत होती, ती वाढवून २०२० केली, आणि १ जानेवारी २०२० पासून तिची देखभाल थांबली. म्हणजे ज्यांनीं मोडावयाचें ठरविलें त्यांनाही अकरा वर्षें दोन घरें चालवावीं लागलीं. याच्या उलट ‘फोर्ट्रान’ नांवाची १९५७ पासूनची भाषा पाहा. ऐंशीं रकान्यांच्या छिद्रांकित पत्त्यांसाठीं तिचे कित्येक नियम झाले. पत्ते केव्हांच गेले. फोर्ट्रान ९५ या प्रमाणग्रंथानें कांहीं जुनाट आज्ञा वगळल्याही. परंतु ती भाषा यंत्रास समजावून देणारे दुभाषे तयार करणाऱ्यांनीं त्या आज्ञा ओळखणें बहुधा सोडलें नाहीं, कारण गिऱ्हाइकांचे जुने हिशेब त्यांत होते. कागदावरून गेलेली वस्तु व्यवहारांतून जातेच असें नाहीं, हें आपल्या समाजांत राहणाऱ्यांस निराळें सांगावयास नको.

याहून जवळचें उदाहरण आपल्या घरांतलें आहे. १ एप्रिल १९५७ रोजीं या देशानें रुपयाचे सोळा आणे मोडून शंभर नवे पैसे केले. संगणक नसतांना केवढी ही आज्ञावली बदलली! परंतु तिची रीत पाहण्यासारखी आहे. कायदा १९५५ सालींच झाला होता, म्हणजे सूचना आगाऊ मिळाली. रुपया तोच ठेवला, म्हणून पगार, कर्जें, भाडीं यांचे मोठे आंकडे हलले नाहींत. चार आण्यांचे पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास पैसे बरोबर बसले. अडचण लहान रकमांची होती. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. तेव्हां एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस पैसे असा तक्ता ठरला. ज्याला दिवसांत दहा वेळां एकेक आणा द्यावयाचा त्याला पाव पैशाचा हिशेबही कळत होता, आणि कुरकुर झालीच. जुनीं नाणीं मात्र नव्यांबरोबर कांहीं काळ चालूं दिलीं, आणि नव्या पैशास ‘नवा’ हें विशेषण १९६४ पर्यंत ठेवलें, म्हणजे घेणाऱ्याची फसगत होऊं नये. आज आणा कोणाच्या खिशांत नाहीं. तरी एखादी गोष्ट सोळा आणे खरी आहे असें आपण म्हणतों आणि नातवंडांस तें समजतें.

लोहमार्गांतही असाच एक तोड योजीत असत. जेथें दोन रुंदींच्या गाड्या एकाच वाटेनें न्यावयाच्या असत तेथें तिसरा रूळ टाकीत. एक रूळ दोघींस सामाईक आणि पलीकडचे दोन निरनिराळे. हा तिसरा रूळ खर्चाचा, देखभालीचा, आणि कायम ठेवण्याजोगा नव्हे. पण बदलाच्या काळांत प्रवासी खोळंबत नाहीं.

या सर्वांवरून आम्हांस जें वाटतें तें सांगतों. आम्ही जुन्या पक्षाचे म्हणून ओळखले जातों; १९६२ सालीं शासनानें मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं जे अनुस्वार गेले ते या सदरांत अजून ठाण मांडून आहेत, हें वाचक पाहतातच. परंतु त्या सुधारणेनें कोणाचें नुकसान झालें असें आम्हांस म्हणतां येणार नाहीं. नव्या रीतीनें लिहिलेलें नातीचें पत्र आम्ही अडखळल्यावांचून वाचतों, आणि आमचें लिहिणें तिला वाचतां येतें. मोडीची गोष्ट तशी नाहीं. ती जोडून, वळणानें लिहिण्याची लिपि. छापखान्याच्या सुट्या खिळ्यांस ती सोयीची नव्हती, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून गेली. जाण्यास कारणें होतीं. पण जातांना तिच्यामागें वाचणारे पुरेसे राहतील अशी तजवीज झाली नाहीं. आमच्या माळ्यावरील पेटींत पणजोबांच्या वेळचीं शेतीचीं खरेदीखतें आहेत. तीं आमचीं आहेत, आणि घरांतील एकाही माणसास वाचतां येत नाहींत. २०१४ सालीं जगाच्या सामाईक अक्षरसंग्रहांत, म्हणजे युनिकोडांत, मोडी आली, आणि तेथें एकदां घेतलेलें अक्षर पुन्हां काढीत नाहींत असा नियम आहे. अक्षरांस घर मिळालें. तीं ओळखणारीं माणसें पुन्हां तयार करावीं लागत आहेत.

तेव्हां जुन्या रीतीनें नवें लिहिणें बंद करावयाचें असेल तर खुशाल करावें. जुनें लिहिलेलें वाचण्याची सोय मात्र बंद करूं नये. आगाऊ आणि पुनःपुन्हां सांगावें. दोन्ही रीति कांहीं काळ शेजारीं शेजारीं चालूं द्याव्या, पण त्या काळास शेवट असावा, नाहींतर तिसरा रूळच कायमचा होऊन बसतो. जें मोडेल तें ओरडून मोडावें. जें धोक्याचें आहे त्याच्या बाबतींत भीड धरूं नये. आणि पूल बांधण्याचा खर्च ज्यानें वाट बदलली त्यानें सोसावा. पलीकडे जाणाऱ्या गरिबाकडून तो वसूल करूं नये.

वादाचा शेवट सांगावयाचा राहिला. पतसंस्थेच्या चालकांच्या विनंतीवरून काका-पुतण्यांनीं मिळून नवी आज्ञावली लिहावयास घेतली. जुनी उघडून पाहतांना पुतण्यास एक विचित्र ओळ आढळली: ठराविक कांहीं खात्यांवर एका वर्षाचें व्याज धरावयाचें नाहीं. तो ती खोडणारच होता. बंधूंस आठवलें कीं, तें वर्ष दुष्काळाचें होतें आणि संचालकांनीं त्या खेड्यांतील कर्जदारांस व्याज माफ केलें होतें. ठरावाचा कागद दप्तरांत खालीं कोठें तरी होता. यंत्रांत त्याची खूण म्हणून ही एकच ओळ उरली होती. ती पुसली असती तर माफ झालेलें व्याज चक्रवाढीसह पुन्हां त्या माणसांच्या डोक्यावर बसलें असतें.

पण त्याच जुन्या आज्ञावलींत दुसरीही एक ओळ निघाली. तींत सालाचे शेवटचे दोनच आंकडे ठेवीत असत. २००० साल आलें तेव्हां घाईंत ठिगळ लावलें कीं, पन्नासाच्या आंतील आंकडा दोन हजारांच्या पुढचा समजावा. परिणामीं १९३८ सालीं जन्मलेल्या ठेवीदाराचा जन्म यंत्राच्या हिशेबीं २०३८ सालीं व्हावयाचा होता, आणि न जन्मलेल्यास वृद्धांचें जादा व्याज कसें मिळणार? इतकीं वर्षें तें व्याज बंधु स्वतः हातानें मिळवून देत आले होते. ते निवृत्त झाल्यावर तें कोणी मिळवून दिलें कीं नाहीं, हें त्यांना सांगतां येईना. त्या ठिकाणीं ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनींच ती ओळ खोडावयास सांगितली.

नवी आज्ञावली आतां चालूं आहे. जुनें यंत्र शेजारच्या मेजावर ठेवलें असून त्यांत नवीन नोंद करावयाची नाहीं, फक्त विचारावयाचें, असा नियम केला आहे. दर शनिवारीं बंधु जाऊन दोहोंचे आंकडे ताडून पाहतात. परवां सतरा पैशांचा एक फरक निघाला. त्याचें कारण काकांस सांपडलें नाहीं, पुण्याहून पुतण्यासही सांपडलें नाहीं; म्हणून जुनें यंत्र तूर्त हलवावयाचें नाहीं असें दोघांच्या विचारें ठरलें आहे.